सावलीत लावलेली गाडी

“तुमचा रिपोर्ट चुकलाय म्हणून सांगायला एक काका आलेत,” फाटकावरचा रखवालदार फोनवर म्हणाला. “मी म्हटलं, रिपोर्ट अजून निघालाच नाहीये. तर म्हणतात, म्हणून तर आज आलो.”

बारा वाजायला थोडा अवकाश होता. माझ्या टेबलावरच्या पडद्यावर तो रिपोर्ट खरोखरच तयार होता. माझी सही तेवढी राहिली होती. ‘दोष आढळला नाही’ या शब्दांपाशी कर्सर शांतपणे लुकलुकत होता.

मी खाली गेलो. फाटकाशेजारी बाक असूनही त्यावर न बसता एक साठीकडे झुकलेले गृहस्थ उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, काखेत हेल्मेट, खांद्याला कापडी पिशवी. हात स्वच्छ धुतलेले. पण नखांच्या कडांना ग्रीसची ती बारीक काळी रेघ होती, जी कुठल्याच साबणाला दाद देत नाही.

“साहेब, शेवटचे आकडे सात-शून्य-एक-नऊ,” ते म्हणाले. स्वतःचं नाव त्यांनी सांगितलंच नाही. दवाखान्यात आपल्या माणसाची चौकशी करावी तसा त्यांनी तो क्रमांक सांगितला. “ती पेटी तुमच्याकडेच आहे ना?”

“आहे,” मी म्हणालो, आणि मग न राहवून विचारलं, “तुम्ही अर्थिंगकाका का?”

ते चपापले. “हे नाव इथवर आलं?”

आलं होतं. त्यांच्या वर्कशॉपचा कारकून आमच्या छापील फॉर्मवर ‘शेरा’ या रकान्यात कधीकधी वैतागून लिहीत असे: ‘अर्थिंगकाका पुन्हा अडून बसले आहेत.’ कुठलीही बंद पडलेली गाडी समोर आली की हा माणूस आधी ‘अर्थिंग बघा’ म्हणतो, म्हणजे वायर गाडीच्या सांगाड्याला जिथे टेकते ती जागा स्वच्छ आहे का ते बघा म्हणतो, एवढं मला त्या शेऱ्यांवरून कळलं होतं. बाकीचं त्यांच्या चिठ्ठ्यांनी सांगितलं होतं.

आमच्या कारखान्यात मोटरसायकलींची इंजिन कंट्रोल युनिटं बनतात. तळहातावर मावेल एवढी काळी, चपटी पेटी. ती सीटखाली बसते आणि इंजिनाच्या प्रत्येक फेऱ्यागणिक ठरवते, की पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी नेमकी कोणत्या क्षणी पाडायची. धूळ, चिखल, हिवाळ्यातली पहाट, उन्हाळ्यातली दुपार, खड्ड्यांचे हादरे. तिच्या कामात खंड नसतो आणि त्या कामाबद्दल तिला कोणी शाबासकीही देत नाही. जी चुकत नाही तिची आठवणच कोणाला होत नाही. गाडी बंद पडली आणि कारण सापडेना, की मात्र सगळ्यांना ती आठवते. गॅरेजवाले तिला ‘डोकं’ म्हणतात. डोकं गेलंय, डोकं बदला. बदललेली डोकी खोक्यांत भरून दुसऱ्या मजल्यावरच्या माझ्या खोलीत येतात. चार वर्षांत अशी अडीच हजारांवर युनिटं माझ्या हातांखालून गेली असतील. त्यांतली खरोखर बिघडलेली साठसुद्धा भरणार नाहीत. उरलेली सगळी निरपराध असतात. दोष सैल बॅटरीत असतो, गंजलेल्या पिनेत असतो, उंदराने कुरतडलेल्या वायरीत असतो, आणि हद्दपारी युनिटाच्या वाट्याला येते.

या ढिगात त्या एका वर्कशॉपची खोकी वेगळी ओळखू येत. युनिट जुन्या मऊ सुती कापडात गुंडाळलेलं असे आणि त्यासोबत वहीच्या अर्ध्या पानावर, गोलसर अक्षरात लिहिलेली चिठ्ठी. ‘युनिट निर्दोष आहे. व्यवस्थापकांच्या आज्ञेने पाठवत आहे. दोष हँडलखालच्या वायरीत सापडला, वायर जोडली, गाडी सुखरूप.’ किंवा, ‘युनिट निर्दोष आहे. सीटच्या नटाखाली वायर चिमटली होती. कृपया याच्यावर लाल खूण करू नये.’ मी ते युनिट यंत्राला जोडायचो, आणि दर वेळी चिठ्ठी खरी निघायची. अशा चाळीसेक चिठ्ठ्या मी खणात जपून ठेवल्या होत्या. का, ते मला नीट सांगता येणार नाही. त्या खोलीत मी दिवसभर एकटा असे, आणि दूर कुठेतरी एक माणूस माझ्याच कामाच्या दुसऱ्या टोकाशी बसलेला आहे, एवढ्यानेही सोबत वाटे.

सात-शून्य-एक-नऊ मात्र कापडात गुंडाळून आलं नव्हतं. त्याच्यासोबत वर्कशॉपच्या मालकांचं टाइप केलेलं पत्र होतं.

“चला, वर चला,” मी म्हणालो. जिन्यात ते कठड्याला हात न लावता, एकेक पायरी मोजल्यासारखे चढले.

खोलीत आल्यावर त्यांनी आधी ते युनिट पाहिलं. चाचणीच्या टेबलावर ते एकटंच पडलं होतं. काकांनी हात मागे बांधले.

“पत्र वाचलंत ना तुम्ही?” त्यांनी विचारलं.

वाचलं होतं. घरोघरी जाऊन बाळंतिणींची आणि तान्ह्या बाळांची तपासणी करणाऱ्या एका नर्सची ती गाडी. उताराच्या रस्त्यावर गाडी अचानक बंद पडली, मागचं चाक अडकल्यासारखं झालं आणि ती पडली; उजवं मनगट मोडलं. त्याआधी दोनदा तिने वर्कशॉपमध्ये तक्रार केली होती. व्यवस्थापक म्हणाले होते, युनिट बदला. काका अडून बसले. त्यांनी एक सैल अर्थिंग शोधून घट्ट केलं, गाडी स्वतः चालवून पाहिली आणि कार्डावर सही केली: ‘युनिट निर्दोष.’ त्यानंतर बाराव्या दिवशी ती पडली. मालकांनी लिहिलं होतं, की युनिट निर्दोष ठरलं तर चूक चालवणाऱ्या बाईंची मानली जाईल. सदोष ठरलं तर ज्याने ते बदलू दिलं नाही त्याची. आणि मग त्याला वायरिंगच्या टेबलावर ठेवता येणार नाही.

“काका, काळजी करू नका,” मी म्हणालो. त्यांना चांगली बातमी आपण देतोय याचा मला मनातून आनंद झाला होता. “दोन्ही चाचण्या झाल्यात. साध्या तापमानाला झाली, भट्टीतली वीस मिनिटांचीही झाली. पास आहे. तुमचं म्हणणंच बरोबर निघालं.”

त्यांनी खांद्यावरची पिशवी उतरवली. मग पिशवीतून त्यांनी एक लहान काचेचं थर्मामीटर काढून टेबलावर ठेवलं.

“नाही साहेब. माझंच चुकलं,” ते म्हणाले. “मी गाडी सावलीत लावत होतो.”

मला काहीच समजलं नाही. त्यांनी ते ओळखलं असावं. समोरची खुर्ची ओढून ते पहिल्यांदाच बसले.

“सिस्टर म्हणाल्या होत्या, चालता चालता गाडी मध्येच डोळे मिटते. त्यांचेच शब्द. मी अर्थिंग घट्ट केलं आणि मग नऊ दिवस त्यांच्याच रस्त्याने, त्यांच्याच वेळेला गाडी फिरवली. सकाळी सहा घरं, मग आरोग्य केंद्र, तिथे तासभर थांबायचं, मग उतार. एकदासुद्धा डोळा मिटला नाही तिने. म्हणून सही केली. खोटी नाही केली, हां.”

“मग?”

“परवा त्यांना बघायला गेलो. हात गळ्यात, तरी डाव्या हाताने नोंदी लिहीत बसलेल्या. मला वाटलं बोलतील काहीतरी. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, ‘काका, खरं सांगा, मला गाडी येत नाही का? चौदा वर्षं चालवतेय हो मी. आता घरचेही म्हणायला लागलेत, सोड ते फिरणं.’ मी म्हटलं, सिस्टर, इथे आल्यावर गाडी कुठे लावता? त्यांनी खिडकीतून दाखवलं. अंगणाच्या मधोमध, उन्हात. मी म्हटलं, एवढं मोठं झाड आहे की! तर म्हणतात कशा, ‘झाडाखाली बाया बसतात ना बाळं घेऊन. तिथे मी गाडी कशी लावू?’”

ते हेल्मेटच्या पट्ट्याचं टोक बोटाभोवती गुंडाळू लागले.

“मी गेलो की त्या बाया सरकून मला जागा द्यायच्या साहेब. आणि मी लावायचो. नऊही दिवस. चाळीस वर्षांची खोड आहे, गाडी उन्हात सोडायची नाही. टाकीचा रंग उडतो, रबर कडक होतं. सगळ्यांना हेच शिकवलं. हात आपोआप सावलीकडे जातो. काल तसलीच दुसरी गाडी त्या अंगणात उन्हात लावली आणि तासाभराने सीटखाली हे घातलं.” त्यांनी थर्मामीटरकडे बोट दाखवलं. “एकाहत्तर. तुमची भट्टी किती असते?”

“साठ,” मी म्हणालो. “वीस मिनिटं.”

“बघा.”

मी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि आमच्या विभागप्रमुख मॅडमना बोलावलं. त्या बोलायला फटकळ. कोणाच्याही कामात त्यांना चूक आधी दिसते आणि माणूस नंतर. त्यांनी सगळं उभ्या उभ्याच ऐकून घेतलं.

“अरे, पास झालेल्या पोराला तू परत परीक्षेला बसवणार?” त्या मला म्हणाल्या. “हौस आहे का?”

“मॅडम, मीच सांगतोय बसवायला,” काका उठून उभे राहिले.

“काका, तुम्हाला कळतंय ना, ही पेटी पास झाली तर तुमचं टेबल राहतं?”

“कळतंय.”

“आमच्या कारखान्यालाही तेच सोयीचं आहे. तुमच्या मालकांनाही. मग तुम्हाला नको काय आहे?”

“सिस्टरना गाडी येत नाही, असं लिहिलं जाईल ना,” काका म्हणाले. “आणि त्यांना येते.”

मॅडम माझ्याकडे पाहत राहिल्या. मी काहीतरी बोलावं अशी ती वेळ होती; पण अशा वेळी शब्द माझ्यापर्यंत पोहोचेपर्यंत लोक निघून गेलेले असतात. मी खण उघडला आणि त्या चाळीस चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी वरच्या चार-पाच वाचल्या. काकांनी मान फिरवून भिंतीकडे पाहिलं, जणू कोणी त्यांची खासगी पत्रं उघडली होती.

“दोन तास,” मॅडम म्हणाल्या. “पंच्याहत्तर डिग्री, हादऱ्यांसकट. त्यापुढे भट्टी मला लागेल. आणि काका, बसा हो. तुम्ही उभे राहिलात म्हणून ती लवकर तापणार नाही.”

आमची भट्टी म्हणजे काचेच्या दाराचं एक कपाट. आत युनिट ठेवायचं, खालचा पाट त्याला खड्ड्यांच्या रस्त्यासारखे हादरे देतो. आणि बाहेरचं यंत्र त्याला खोटंखोटं सांगत राहतं, की तू गाडीत आहेस, इंजिन सुरू आहे. युनिट भाबडेपणाने विश्वास ठेवतं आणि हुकूम सोडत राहतं. त्या हुकुमाबरोबर टेबलावरच्या काचेच्या नळीत निळी ठिणगी पडते. टक्, टक्, टक्. इतकी नेमाने, की थोड्या वेळाने कानाला ती ऐकू येईनाशी होते.

काका मात्र ती ऐकत होते. डोळे मिटून, मान किंचित कलती करून.

पाऊण तास गेला. त्यांच्या खिशातला फोन वाजला. पलीकडचा आवाज एवढा खणखणीत होता की मला उठून जाण्याची गरजच उरली नाही.

“अहो, जेवलात का?”

“जेवतो.”

“म्हणजे नाही जेवलात. डबा तसाच परत आणलात ना, तर बघा. आणि काय म्हणतायत ते लोक? झालं का तुमचं टेबल वाचवून?”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. “चाललंय,” ते म्हणाले. “आत ठेवलीय तिला. घाम काढतायत.”

“कोणाचा?”

“पेटीचा गं.”

“पेटीचा काढा, नाहीतर कोणाचा काढा, खरं काय ते बघूनच या. उगाच मग चार चार दिवस छताकडे बघत पडता, आणि झोप माझी जाते.” फोन बंद झाला.

त्यांनी डबा उघडला आणि त्याच्या झाकणात अर्धं जेवण काढून, माझ्या नकाराकडे लक्ष न देता, माझ्यापुढे सरकवलं. खाता खाता मी धीर करून विचारलं, की ते दर वेळी युनिटाची बाजू का घेतात.

“पहिली गाडी आली ना ही पेटीवाली, तेव्हा मी तीन रात्री झोपलो नव्हतो,” ते म्हणाले. “तोवर सगळं कानाने चालायचं. कार्बुरेटर आवाजावरून लावायचो. मला वाटलं, झालं, आता आपले कान विकून टाकायचे. मग एक गाडी आली, मध्येच बंद पडणारी. मी पेटी बदलली. गाडी लगेच सुरू! छाती ही एवढी फुगली माझी. गिऱ्हाइकाला सांगितलं, डोकं गेलं होतं. चौथ्या दिवशी गाडी ढकलत आणली त्याने. पिनेवर गंज होता हो, नुसता गंज. पेटी काढताना-घालताना पिना घासल्या गेल्या, म्हणून तीन दिवस चालली. जुनी पेटी धडधाकट होती, आणि मी तिला भंगारात टाकून आलो होतो.”

त्यांनी घास हातातच ठेवला.

“त्या दिवशी ठरवलं, जिला बोलता येत नाही तिच्यावर आळ घ्यायचा नाही. आधी बाकी सगळं बघायचं. एकेक वायर, एकेक टोक. आणि तुम्हाला सांगतो साहेब, पेटी कधी खोटी ठरलीच नाही. एकदाही नाही. माणूस एवढा चोख असता तर...” ते हसले, आणि मग हसू ओसरलं. “पण त्या नादात जिला बोलता येतं तिचं ऐकायचं राहिलं. सिस्टर दोनदा सांगून गेल्या होत्या. दोनदा. मी ऐकलं, मान डोलावली आणि वायरींना विचारायला गेलो.”

नळीत ठिणगी पडत होती. टक्, टक्, टक्. तास उलटून वीस मिनिटं झाली. आम्ही दोघंही एकाच वस्तूकडे पाहत होतो आणि आमची इच्छा मात्र एक नव्हती, हे मला तेव्हा उमगलं. ते युनिट तसंच चालत राहावं, दोन तास संपावेत, आणि या माणसाने आपला डबा, आपलं थर्मामीटर घेऊन आपल्या टेबलावर परत जावं, असं मला मनापासून वाटत होतं.

आणि ठिणगी थांबली.

क्षणभरच. तीन टक् पडायला हवे होते, ते पडले नाहीत. पडद्यावरची रेघ सपाट झाली, पुन्हा उसळली, आणि सगळं पूर्ववत सुरू झालं. खोलीत दुसरा कोणताही आवाज नसताना ते तीन न पडलेले टक् मला फार मोठ्याने ऐकू आले. त्या तेवढ्या वेळात उतारावरच्या एका गाडीचा तोल जातो, आणि एक बाई उजवा हात पुढे टेकते.

काकांनी डोळे उघडले होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला दुःख म्हणता येणार नाही. खूप शोधलेली वायर अखेर बोटाला लागावी, तसं काहीतरी होतं ते.

“दिसलं?” त्यांनी विचारलं.

“दिसलं.”

“अजून एकदा होऊ दे. एकदाच्याला मालक योगायोग म्हणतील.”

पुढच्या पंचवीस मिनिटांत ते दोनदा झालं. प्रत्येक वेळी काकांनी एक बोट मिटलं. तिसऱ्यानंतर ते उठले, भट्टीच्या काचेजवळ गेले आणि हलकेच म्हणाले, “पुरे. काढा आता तिला बाहेर. फार तापली.”

मी जाड हातमोजे घालून युनिट बाहेर काढलं. काकांनी पिशवीतून एक मऊ सुती कापड काढून टेबलावर पसरलं. मी ते युनिट त्यावर ठेवलं.

मॅडम आल्या. पडद्यावरच्या त्या तीन सपाट रेघा त्यांनी मागेपुढे करून पुन्हा पुन्हा पाहिल्या. मी रिपोर्टातला ‘नाही’ हा शब्द खोडला. चार वर्षांत तो शब्द मी फार थोड्या वेळा खोडला होता. इतका जड तो कधीच लागला नव्हता.

“साहेब, एक विचारू?” काका म्हणाले. “वर लिहाल का, की चालवणाऱ्या बाईंची चूक नाही? अगदी वर. लोक खालपर्यंत वाचत नाहीत.”

“तसा रकाना नाही काका आपल्या फॉर्ममध्ये,” मी म्हणालो.

“नसू दे,” मॅडम मागून म्हणाल्या. “रकाना कोणी बनवला? आपणच ना? लिही वर.”

मी लिहिलं. एक प्रत मालकांसाठी आणि एक, नियमात बसत नसताना, सिस्टरांसाठी. काकांनी ती दुसरी प्रत चार घड्या घालून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली आणि खिशावर हात ठेवून तो नीट बंद झाल्याची खात्री करून घेतली. जाताना ते जिन्याशी थांबले.

“त्या चिठ्ठ्या,” ते म्हणाले, “ठेवल्यात तरी चालेल. त्या खोट्या नव्हत्या.”

“माहीत आहे,” मी म्हणालो. एवढंच म्हणालो. आणखी बरंच काही म्हणायचं होतं, ते संध्याकाळी बसमध्ये सुचलं.

पुढच्या आठवड्यात आम्ही ते युनिट उघडलं. सूक्ष्मदर्शकाखाली सोल्डरिंगच्या एका जोडावर केसाहूनही बारीक तडा दिसला. थंड असताना तो मिटलेला असे. पुरेसा तापला की उघडायचा. त्याच दिवशी बनलेली युनिटं शोधली, तर अशी आणखी अकरा निघाली. ती सगळी गावोगावच्या गाड्यांतून परत मागवली गेली. आणि चाचणीच्या तक्त्यावर ‘उष्ण अवस्था: वीस मिनिटं’ ही ओळ जाऊन ‘दोन तास, पंच्याहत्तर अंश’ अशी ओळ आली. आता चाचणीसाठी निवडलेलं प्रत्येक नमुना-युनिट त्यातून पार होऊन जातं. तक्त्यावर नावं लिहायची पद्धत नाही, त्यामुळे तिथे कोणाचंच नाव नाही.

त्या वर्कशॉपची खोकी येत राहिली; पूर्वीपेक्षा जास्तच. कापड नाही, चिठ्ठी नाही. मी एकेक युनिट जोडायचो आणि ती सगळी निर्दोष निघायची. आता त्यांच्या बाजूने अडून बसणारं तिथे कोणी उरलं नव्हतं.

दोन महिन्यांनी परत मागवलेल्या युनिटांपैकी एक ताब्यात घेण्यासाठी मला त्या वर्कशॉपला जावं लागलं. मी हे काम मागून घेतलं होतं, हे मॅडमनी ओळखलं असावं.

भर दुपार होती. आत वायरिंगच्या टेबलावर दोन तरुण इलेक्ट्रिशियन बसले होते. टेबल नीटनेटकं होतं. भिंतीवरच्या खिळ्यांना वायरींचे गुंडाळे जाडीप्रमाणे टांगलेले होते. ती लावण्याची रीत कोणाची, हे मला कोणी सांगावं लागलं नाही.

“काका? ते आता मागच्या अंगणात असतात,” त्यांच्यातला एकजण म्हणाला. “तयार झालेल्या गाड्या रांगेत लावायच्या आणि गिऱ्हाइकाला चावी द्यायची. जा, बघा गंमत. गाड्या वाळत घालतात ते.”

दुसरा हसला. “एक तास उन्हात, मग अर्धा तास खड्ड्यांच्या रस्त्यावर. त्याशिवाय चावी सोडत नाहीत. मालक ओरडून थकले. गिऱ्हाइकंच म्हणायला लागलीत आता, काकांनी वाळवलीय का विचारा.”

मागच्या अंगणाला एका बाजूने लांबलचक पत्र्याची शेड होती. तिच्याखाली गार, रुंद सावली होती आणि त्या सावलीत काहीही नव्हतं. सगळ्या गाड्या अंगणाच्या मधोमध, रणरणत्या उन्हात एका ओळीत उभ्या होत्या, अकरा-बारा असतील. टाक्या इतक्या तळपत होत्या की नजर ठरत नव्हती. काका त्यांच्यातच उभे होते. डोक्याला रुमाल, हातात ते थर्मामीटर. एका गाडीची सीट उचलून ते आत वाकून पाहत होते. मी हाक मारली नाही. शेडच्या खांबाशी थांबलो.

फाटकातून एक बाई आत आल्या. उजव्या मनगटावरचं प्लास्टर निघालं असावं. तो हात त्या अजून जपून, पोटाशी धरून चालत होत्या. डाव्या हातात हेल्मेट होतं. त्या माझ्यासमोरून गेल्या आणि सावली जिथे संपते तिथे थांबल्या.

“काका, झाली का माझी गाडी?”

“झालीय, सिस्टर.”

“मग सावलीत या की! किती वेळ उभे राहणार तिथे?”

काकांनी थर्मामीटर डोळ्यांजवळ नेलं, मग ते सीटखाली परत ठेवलं आणि टाकीवर तळहात टेकवला. ती भाजत असणार. पण त्यांनी हात उचलला नाही.

“येतो,” ते म्हणाले. “अजून वीस मिनिटं आहेत.”